पहाऱ्यावरच्या माणसाचं घर

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रयागराजमध्ये उमेश पाल न्यायालयातून घरी परतले. गाडीतून उतरत असतानाच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, बाँब फेकले गेले. २००५ साली झालेल्या आमदार राजू पाल यांच्या खुनाच्या प्रकरणातले ते महत्त्वाचे साक्षीदार होते, म्हणून सरकारने त्यांना दोन सशस्त्र पोलीस दिलेले होते. उमेश पाल गेले. एक अंगरक्षक त्याच दिवशी गेला, दुसरा काही दिवसांनी, उपचार सुरू असताना. पुढचे कित्येक आठवडे चर्चा झाली ती या हल्ल्याचा आरोप असलेल्या अतीक अहमदच्या टोळीची, पोलीस चकमकींची आणि एप्रिलमध्ये झालेल्या खुद्द अतीकच्या खुनाची. ते दोन पोलीस बातमीच्या शेवटच्या ओळीत राहिले. त्यांना घर होतं, घरात माणसं होती. दुसऱ्याचा जीव सांभाळायला निघालेल्या माणसाच्या घराचं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे तो माणूस तिरंग्यात गुंडाळून परत आल्यावरच विचारला जातो. तो आधी विचारायला हवा.

साक्षीदार संरक्षणाला देशभर लागू होणारं रूप मिळालं ते ५ डिसेंबर २०१८ रोजी. आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. त्यातून आलेल्या महेंद्र चावला आणि इतरांच्या याचिकेवर न्या. ए. के. सिक्री आणि न्या. एस. अब्दुल नझीर यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खंडपीठाने ‘साक्षीदार संरक्षण योजना, २०१८’ मान्य केली आणि संसद किंवा राज्यं स्वतःचा कायदा करेपर्यंत हीच योजना कायद्यासारखी पाळायची, असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१७ मध्येच आपला कायदा केलेला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना तयार करून अधिसूचित करण्याची जबाबदारी टाकली. २०१८ ची योजना वाचली की तिच्यातला बारकावा जाणवतो. धोक्याच्या तीन श्रेणी आहेत. सहायक पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने पाच कामकाजाच्या दिवसांत धोका विश्लेषण अहवाल द्यायचा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आदेश काढायचा. तो आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. दर महिन्याला पाठपुराव्याचा अहवाल, दर तिमाहीला फेरविचार. साक्षीदाराच्या कुटुंबात कोण कोण धरायचं तेही लिहिलेलं आहे: आई-वडील, पालक, नवरा-बायको, लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार, भावंडं, मुलं, अगदी नातवंडंसुद्धा. हे सगळं अमलात आणायचं काम साक्षीदार संरक्षण कक्षाचं, म्हणजे पोलिसांचं. त्या पोलिसाच्या घराविषयी मात्र योजनेत एक ओळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती ओळ असली पाहिजे, आणि ती पोलिसाची कीव म्हणून नको, साक्षीदाराच्या जिवासाठी हवी.

या म्हणण्याला खात्यात आणि खात्याबाहेरही विरोध होतो. तो विरोध मी इथे एका आवाजात मांडतो आणि त्या आवाजाला ‘साहेब’ म्हणतो. साहेब ही कुणी एक व्यक्ती नाही. खाकीत उभं आयुष्य काढलेल्या माणसांची ती एक विचार करण्याची पद्धत आहे. ती पोकळ नाही, म्हणून तिचं पुरतं ऐकून घ्यायला हवं.

साहेब म्हणतात, “तुम्ही लिहिणारी मंडळी भावनेत वाहून जाता. वर्दी अंगावर चढवताना त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. घरी भांडण आहे, बायको माहेरी गेलीय, पोरगा शाळेत जात नाही, ही रडगाणी कुणाच्या घरी नाहीत? आपल्याकडे तर आधी लगीन कोंढाण्याचं म्हणणारी माणसं होऊन गेली. पोराच्या लग्नाची निमंत्रणं बाजूला ठेवून तानाजी गडावर गेला. कर्तव्य आणि संसार यांच्यात कर्तव्य निवडायचं, हीच तर या नोकरीची शपथ आहे.”

साहेब, तानाजीचा दाखला तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तो अर्धाच सांगितला जातो. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले. परंपरा पुढे असंही सांगते की त्यांचा मुलगा रायबा याचं लग्न महाराजांनी स्वतः पुढे होऊन लावून दिलं. लग्न मागे पडलं, पण ते कुणीतरी आपल्या अंगावर घेतलं. ज्याने कामगिरी सोपवली त्यानेच घराचाही भार उचलला, म्हणून ती गोष्ट निष्ठेची झाली. आपण त्यातला पहिला भाग पोलिसाला सांगतो आणि दुसरा शासनाला सांगायचं विसरतो. शिवाय कोंढाणा एका रात्रीचा होता. साक्षीदाराच्या सोबतीला दिलेल्या पोलिसाची कामगिरी खटल्याइतकी लांबते, आणि आपल्याकडे खून-खटले किती वर्षं चालतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राजू पाल यांचा खून २००५ चा, उमेश पाल मारले गेले २०२३ मध्ये. मधली अठरा वर्षं कुणी ना कुणी पहाऱ्यावर असणारच होतं. एका रात्रीचं शौर्य आणि वर्षानुवर्षांचा पहारा यांना एकच माप लावता येत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसेल ते पाहायला बंगळुरूच्या पूर्वेचं के. आर. पुरम घेऊ. साक्षीदाराला दुसरीकडे हलवायचं तर अशीच वस्ती सोयीची. आंध्र, तमिळनाडू, उत्तर कर्नाटक, ओडिशा, बंगाल, बिहार, सगळीकडून आलेली माणसं इथे भाड्याने राहतात आणि नवा चेहरा दिसला म्हणून कुणी चमकत नाही. पण घर मिळवायला आधार कार्ड लागतं, भरभक्कम अनामत लागते, अकरा महिन्यांचा करार लागतो, आणि मुलांना शाळेत घालायला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. यातली प्रत्येक गोष्ट नाव न फुटता जुळवून आणायची म्हणजे बंदूक चालवण्यापेक्षा कारकुनी आणि मनधरणी जास्त. मग साक्षीच्या तारखेला त्या माणसाला शहराच्या मध्यावरच्या न्यायालयात न्यायचं. त्यासाठी टिन फॅक्टरीच्या चौकातून जावं लागतं. झुलत्या पुलाखाली बाह्य वळण रस्ता आणि जुना मद्रास रस्ता एकमेकांत घुसतात, कोलार आणि तिरुपतीकडे जाणाऱ्या बसगाड्या रस्त्यातच प्रवासी चढवतात, मेट्रोच्या स्थानकातून लोंढा खाली उतरतो. तिथे गाडी अडकली की दोन्ही बाजूंनी दुचाकी काचेला चिकटून उभ्या राहतात. पुढच्या आसनावरच्या पोलिसाला त्या प्रत्येक हेल्मेटमागे कोण आहे ते माहीत नसतं आणि गाडी पुढे-मागे घेता येत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याजवळ नजरेखेरीज दुसरं हत्यार नसतं. ती नजर रात्रभर झोप नसलेल्या, सकाळी घरी तोंड फिरवून निघालेल्या माणसाची असेल तर काय, हा माझा प्रश्न आहे. मन कुठे आहे हे या कामात सुरक्षेच्या हिशेबात धरायला हवं, जसं आपण बुलेटप्रूफ जाकीट धरतो.

आणि झोपेचा हिशेब वाईटच आहे. पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात पोलीस ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात असं आढळलं, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक ठाणेप्रमुखांनी आपली माणसं ११ तास किंवा त्याहून जास्त कामावर असतात असं सांगितलं. ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती यांच्या २०१९ च्या अहवालात कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा निघाला आणि निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुटीच मिळत नसल्याचं दिसलं. जुलै २०१६ मध्ये एकाच आठवड्यात कर्नाटकातल्या दोन पोलीस उपअधीक्षकांनी आत्महत्या केल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द के. आर. पुरम ठाण्याचे निरीक्षक निलंबनानंतर थोड्याच दिवसांत हृदयविकाराने गेले, आणि चर्चा मुख्यतः बदल्यांसाठी मोजाव्या लागणाऱ्या पैशांभोवती फिरत राहिली. या तिन्ही घटनांची कारणं वेगळी होती, त्यांवर आरोप-प्रत्यारोप झाले, आणि त्यांतलं खरं काय ते मी इथे ठरवू शकत नाही. पण अधिकाऱ्यावरच्या ताणाची दखल तो कोसळल्यावरच घेतली जाते, एवढं त्यांतून दिसतं.

साहेब आता दुसरा मुद्दा काढतात, आणि तो वजनदार आहे. “गुप्तता! योजनेतच लिहिलंय की पोलीस, सरकारी वकील, न्यायालयातले कर्मचारी, दोन्ही बाजूंचे वकील, सगळ्यांनी पूर्ण गोपनीयता पाळायची. तुम्ही पोलिसाच्या घरच्यांना यात आणलंत की बायकोला कळलं, बायकोच्या बहिणीला कळलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. घर जितकं लांब, तितका साक्षीदार सुखरूप.”

पण घर लांब ठेवलं म्हणून ते गप्प बसत नाही, साहेब. दुसरा फोन घरात येतो. तो रात्री अकराला वाजतो आणि नवरा बाहेर व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात बोलतो. कुठे होतास याचं उत्तर मिळत नाही. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला येतो म्हणून सांगितलेलं असतं आणि ऐनवेळी निरोपही येत नाही. हे महिनोन्‌महिने चाललं की बायको संशय घेणारच, आणि संशय आलेलं माणूस विचारपूस करतं, फोन तपासतं, सहकाऱ्यांच्या बायकांना विचारतं, भावाला मागावर पाठवतं. गुप्ततेला खरा धोका या अंधारातल्या शोधाशोधीचा आहे. नवरा काही महिने एका जोखमीच्या कामावर असेल, तपशील विचारू नका, अडचण आली तर या अधिकाऱ्याला या क्रमांकावर फोन करा, इतकंच खात्याने स्वतः घरी सांगितलं तर त्यात साक्षीदाराचं नाव, गाव, खटला, काहीच फुटत नाही. साक्षीदाराला योजनेत तातडीच्या संपर्काची माणसं देण्याची सोय आहे. पोलिसाच्या घरच्यांना तेवढंही नाही.

धोका घरापर्यंत पोचतच नाही हेही खरं नाही. अमेरिकेत १९७० च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यानंतर जी साक्षीदार संरक्षण व्यवस्था उभी राहिली ती न्याय खात्यातल्या जेराल्ड शूर यांनी घडवली. नियम पाळणारा एकही साक्षीदार मारला गेलेला नाही, असा तिथल्या मार्शल सेवेचा दावा आहे. इतरांना नवी नावं आणि नवी गावं देणाऱ्या या माणसावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्नीसह स्वतःच लपून राहायची वेळ आली, कारण कोलंबियाच्या अमली पदार्थांच्या टोळीने त्यांच्या पत्नीचं अपहरण करण्याचा बेत केल्याचं उघड झालं. टोळीचा हिशेब सरळ होता. कडेकोट पहाऱ्यातल्या साक्षीदारापर्यंत पोचता येत नसेल, तर पहारा देणाऱ्याच्या घरापर्यंत पोचायचं. शूर यांच्यामागे उभी राहायला व्यवस्था तयार होती. आपल्याकडच्या हवालदाराच्या भाड्याच्या घराचा किंवा पोलीस वसाहतीतल्या खोलीचा पत्ता कुणालाही मिळतो. त्याच्या घराला धोका आहे का याचा अहवाल कोण लिहितं?

साहेब इथे थोडे नरमतात, पण उपाय वेगळा सांगतात. “घरी गडबड आहे असं कळलं की त्या माणसाला त्या कामावरून काढा. एवढं सोपं आहे. त्याच्या संसाराची दुरुस्ती करणं हे खात्याचं काम नाही.”

हा उपाय ऐकायला स्वच्छ वाटतो, पण तो वापरला की माहिती मिळणं बंद होतं. घरची अडचण सांगितली की बाजूला काढतात, शेऱ्यात नोंद होते, पुढची बढती अडते, हे एकदा कळलं की कुणीच काही सांगणार नाही. कर्ज असेल तर तो लपवेल, दारू असेल तर लपवेल, मुलगा वाईट संगतीत गेला असेल तर ते आधी लपवेल. आणि लपवलेली गोष्ट ज्याच्या हाती लागते त्याच्याच मुठीत माणूस जातो. आरोपीचे हस्तक नेमकं हेच शोधत असतात. साक्षीदाराचा पत्ता विकत घ्यायचा तर प्रामाणिक आणि निवांत पोलीस त्यांच्या कामाचा नाही. मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे कुठून आणायचे या विवंचनेत असलेला, आणि ती विवंचना वरिष्ठांना सांगायची चोरी असलेला पोलीस त्यांच्या कामाचा. कुंपणच शेत खातं असं आपण मग म्हणतो, पण त्या कुंपणाच्या मुळाशी वाळवी लागली होती का, हे आधी कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून अडचण सांगणाऱ्याला शिक्षा न होता मदत मिळेल, आणि गरज असेल तर काही दिवसांसाठी बदली माणूस येईल, अशी सोय हीच साक्षीदाराच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे. कायमचं काढून टाकणं हा शेवटचा उपाय असू शकतो. तोच पहिला ठेवला तर दुसरा उपाय उरतच नाही.

“आणि माणसं कुठून आणायची? रिक्त पदं किती आहेत ते पाहा आधी,” साहेब विचारतात. प्रश्न खरा आहे आणि त्याला जादूचं उत्तर नाही. पण मनुष्यबळाच्या नावाखाली जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं त्यातलं काही मुंबईत करून दाखवलं गेलं आहे. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ही कल्पना शिपाई रवींद्र पाटील यांची होती आणि ती उचलून धरली तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी. पुढे ती शहरातल्या इतर ठाण्यांतही नेली गेली. त्या प्रयोगात अडचणी आल्या, सणासुदीला आणि बंदोबस्ताला पाळ्या मोडल्या, हे सगळं मान्य. तरी पोलीस ठाण्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर संरक्षण कक्ष हे त्या मानाने किती लहान पथक! त्यात माणसं ठरावीक मुदतीने फिरवणं, सलग किती महिने जवळच्या पहाऱ्यावर ठेवायचं याला मर्यादा घालणं, हे आयुक्ताच्या एका आदेशाने होण्यासारखं आहे. साक्षीदाराचा आदेश तीन महिन्यांनी तपासला जातो. त्याच बैठकीत, त्याच टेबलावर, त्याच्यासोबतच्या पोलिसाची स्थितीही तपासावी. वेगळी यंत्रणा लागत नाही.

साहेबांचा शेवटचा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. “तुमची सगळी कणव पोलिसाला. साक्षीदाराचं काय? पोलिसाला पगार मिळतो, पेन्शन मिळतं. साक्षीदाराला काय मिळतं?” यात सत्य आहे आणि ते टाळता येणार नाही. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबविरुद्ध साक्ष देणारी देविका रोटावन तेव्हा लहान मुलगी होती, गोळी लागलेल्या पायाने कुबडी घेऊन न्यायालयात आली. तिच्या कुटुंबाला पुढे घर भाड्याने मिळणंही मुश्किल झालं, वडिलांचा धंदा बसला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या खर्डा इथे २०१४ मध्ये नितीन आगेचा खून झाला, साक्षीदार फितूर होत गेले आणि २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणाचा मुंबईतला निकाल २१ डिसेंबर २०१८ चा, म्हणजे संरक्षण योजनेला मान्यता मिळाल्यानंतर सोळा दिवसांनी आलेला. त्यात तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले होते. प्रत्येकाने भीतीपोटीच जबाब फिरवला असं म्हणता येत नाही. पण साक्षीदाराच्या मागे कुणी उभं नसतं, हे या देशातल्या खेड्यापाड्यांतही माहीत आहे, आणि त्याच्या हालाशी पोलिसाच्या हालाची बरोबरी मी करणार नाही.

मी एवढंच म्हणतो की हे दोन वेगळे हिशेब नाहीत. साक्षीदार पोलीस खात्यावर विश्वास ठेवत नाही, तो त्याच्या दारात उभ्या असलेल्या एका पोलिसावर विश्वास ठेवतो. रात्री कुत्रं भुंकलं की तो त्याच्याकडे पाहतो. साक्ष द्यायच्या आदल्या दिवशी पाय मागे घ्यावा असं वाटतं तेव्हा जवळ तोच असतो. त्या पोलिसाला तर कधी अशा माणसाचंही रक्षण करावं लागतं ज्याच्याविषयी त्याच्या मनात शंका आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या धर्मस्थळ इथे मृतदेह गुपचूप पुरल्याच्या आरोपांच्या प्रकरणात ज्याला साक्षीदार म्हणून संरक्षण मिळालं, त्यालाच ऑगस्टमध्ये खोटं सांगितल्याच्या आरोपावरून विशेष तपास पथकाने अटक केली. काल ज्याच्या जिवासाठी उभं राहायचं होतं, आज त्यालाच कोठडीत न्यायचं, हे पोटात घालून माणूस घरी जातो आणि घरी त्याविषयी चकार शब्द काढता येत नाही. खटला दोन राज्यांत पसरलेला असेल तर हे आणखी लांबतं. पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा खटला बंगळुरूत चालतो आणि तपास यंत्रणांनी त्याचे धागे पुणे, कोल्हापूर, धारवाडपर्यंत नेले. अशा प्रकरणातल्या साक्षीदाराबरोबर जाणारा शिपाई आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो. अशा माणसाला बोलायला खात्याबाहेरचा, गोपनीयतेने बांधलेला समुपदेशक हवा. तो खात्यातला असेल तर त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही, कारण तिथलं बोलणं वरपर्यंत पोचेल याची प्रत्येकाला धास्ती असते.

पैशाचा प्रश्न उरतो. २०१८ च्या योजनेत साक्षीदार संरक्षण निधीची तरतूद आहे आणि त्यात पैसा येण्याचे मार्ग दिले आहेत: राज्याचा अर्थसंकल्प, न्यायालयांनी बसवलेला खर्च, परवानगीने आलेल्या देणग्या आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. के. आर. पुरमच्या एका बाजूला व्हाइटफील्ड आहे, दुसरीकडे बाह्य वळण रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांची रांग. या कंपन्यांचा असा पैसा तळी, शाळा आणि दवाखान्यांकडे जातो. त्यातला थोडा या निधीत आला तरी पहाऱ्यावरच्या पोलिसांच्या समुपदेशकाचा पगार, मुदतीच्या सुटीतला बदली माणूस आणि गरज पडल्यास घर हलवण्याचा खर्च निघेल. अडचण एवढीच की हा निधी साक्षीदाराच्या संरक्षणाच्या आदेशावर खर्च व्हायचा आहे. पोलिसाच्या घरावर एक रुपया टाकायचा तर नियमात तशी ओळ हवी. कलम ३९८ ने राज्यांवर आपापल्या योजना अधिसूचित करण्याची जबाबदारी टाकलेलीच आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी त्यांतल्या कुटुंबाच्या व्याख्येखाली संरक्षण कक्षातल्या कर्मचाऱ्याचं कुटुंब घालावं, आणि धोका विश्लेषण अहवालाच्या नमुन्यात त्याच्यासाठी एक रकाना ठेवावा. तो रकाना कोरा राहिला तर समितीच्या अध्यक्ष असलेल्या जिल्हा न्यायाधीशांनी तो का कोरा आहे हे त्याच बैठकीत विचारावं.